टाकीमागचं तळं

२ मार्च, सोमवार
साबणवाल्या एजंटने दिलेली डायरी जानेवारीपासून धुण्याच्या मशीनवर पडून होती. तिच्यावर कप ठेवून ठेवून चहाचे गोल उठलेत. आजपासून लिहिणार. माझ्या कामाची नोंद राहायला पाहिजे. मोठी माणसं रोज लिहितात म्हणे. मी चौथीच शिकले, पण चौथीपर्यंतचं पक्कं आहे. ही डायरी कुणी वाचायची नाही. वाचली तर तंगडी मोडीन. (हे नवऱ्यासाठी.)

तर झालं असं. महापालिकेच्या ऑफिसाबाहेर मोठा बोर्ड लागलाय. पर्यावरण रक्षणात उल्लेखनीय काम केलेल्यांचा जाहीर गौरव. स्टेज, ट्रॉफी, पेपरात फोटो, सगळं. लेकीने वाचून दाखवला. मला वाचता येतो, चष्मा नव्हता.

तिथल्या तिथे ठरवलं. अवॉर्ड माझं.

३ मार्च, मंगळवार
काम काय केलं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे स्टेजवर विचारलं तर अडायला नको.

आमची लॉन्ड्री आहे. दोन हॉटेलं आणि एक हॉस्पिटल, यांच्या चादरी धुतो. डाग बघून सांगते चादर कुठली ते. दुकानाच्या मागे सिमेंटची टाकी. टाकीच्या मागे माझं तळं.

तळं म्हणजे तळंच. नवरा डबकं म्हणतो, गॅरेजवाला गटार म्हणतो. ज्याची जशी नजर. चार डबल चादरी पसरल्या तर झाकेल एवढं आहे, पण भर उन्हाळ्यात आटत नाही. खाली जिवंत झरा आहे. मी शोधला. म्हणजे तीनेक वर्षांपूर्वी मागचं दार उघडलं तर पाणी होतं. त्याआधी कुणाला दिसलं होतं का? नाही. मग मीच शोधला.

कडेला उंच लव्हाळं आहे. तेही मी लावलं. हॉटेलच्या फुलदाणीतल्या वाळक्या काड्या चादरींच्या गाठोड्यात आल्या होत्या, त्या मी रागाने मागे भिरकावल्या. रुजल्या. हात चांगला आहे माझा.

आणि त्या लव्हाळ्यात एक पाणकोंबडी राहते. काळी, चोच लाल, चालताना शेपटी सारखी उडवते, माझ्या नणंदेसारखी. यंदा घरटं केलंय. अंडी उबवतेय. मला काही पक्ष्याबिक्ष्यांचा लळा नाही. संध्याकाळचा चहा मागच्या पायरीवर घेते, कारण तिथे मशीनचा आवाज कमी येतो. बाकी काही नाही.

नवरा म्हणतो, टाकीच्या खालचा सांधा गळतो, भिंत ओली असते, मोटर दोनदा चालवावी लागते. मी म्हटलं, ती ओल नाही, भिंतीला घाम येतो. तुम्ही इस्त्री करून घामाघूम होता, तेव्हा मी म्हणते का माझा नवरा गळतोय?

परत इस्त्रीला लागला. आयुष्यभर इस्त्रीच केली, एक सुरकुती म्हणून सहन होत नाही त्याला.

४ मार्च, बुधवार
गॅरेजवाला म्हणजे आमचा जागामालक. शेजारीच त्याचं गॅरेज. आमचं दुकान आणि मागची जागा दोन्ही त्याचीच, हे तो रोज एकदा तरी सांगतो. जसं काही मी जागा पदरात बांधून पळणार आहे.

आज म्हणाला, वहिनी, पुढच्या महिन्याच्या पंधराला मागे सिमेंट ओततोय. शेड उभारायची, गाड्या लावायला. मी म्हटलं, जमणार नाही, तिथे बाळंतीण आहे. दचकला. म्हणाला, कोण? मी म्हटलं, पाणकोंबडी. मग जो हसत सुटला! त्याचे मेकॅनिकही हसले. एक जण गाडीखाली होता, तो तिथूनच हसला. नुसते पाय दिसत होते, ते हलत होते.

मी अवॉर्डचं सांगितलं. म्हणाला, वहिनी, अवॉर्ड आणलंत तर तुमच्या गटाराला मी बोट लावणार नाही. नाही आणलंत तर सिमेंट. मी म्हटलं, चार माणसांत बोललात. म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. गाडीखालचे पाय साक्षीला आहेत.

म्हणजे आता अवॉर्ड नुसतं फोटोपुरतं राहिलं नाही. आणलंच पाहिजे.

निश्चय: आजपासून भांडायचं नाही. अवॉर्डवाली बाई शांत दिसली पाहिजे.

५ मार्च, गुरुवार
हॉस्पिटलच्या ड्रायव्हरशी भांडण. चूक त्याची होती. हे धरायचं नाही. निश्चय उद्यापासून.

८ मार्च, रविवार
लेकीने फॉर्म भरला. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे, आणि आईचा चष्मा दोऱ्याने बांधलेला. असो.

फॉर्मात विचारलंय, आपल्या कार्याचे स्वरूप. मी म्हटलं, लिही, तळं बांधलं. ती म्हणाली, आई, बांधलं कुठे, ते झालं. मी म्हटलं, तूही झालीसच की, तरी बापाचं नाव लावतेस ना? मग तिने ‘पाणथळ जागेचे संवर्धन’ असं काहीतरी लिहिलं. भारी वाटलं. दोनदा वाचून घेतलं.

पुढे विचारलंय, पाण्याचा स्रोत. तिने माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. बाप इस्त्रीच्या टेबलाकडे बघत होता. मी म्हटलं, झरा लिही. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, तू मला विचारतेस नक्की? मी रोज त्याच्या काठावर चहा पिते.

झरा लिहिला.

१२ मार्च, गुरुवार
फोन आला!! अर्ज पहिल्या यादीत. चोवीस तारखेला ज्युरी येणार बघायला. फोनवरची बाई गोड बोलत होती. म्हणाली, नुसतं तळं नाही, आम्ही अख्खी जागा बघतो. वीज, पाणी, कचरा, सगळं. पाणी वाया जाणाऱ्या जागेला अवॉर्ड देत नाही.

मी म्हटलं, बाई, आमच्याकडे थेंब वाया जात नाही.

गॅरेजवाल्याच्या दारावरून दोनदा गेले आणि आले. काही काम नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार
कामांचा धडाका.

१) दुकानातला एक दिवा बंद. आता घडी घालणाऱ्या बाईला चादरीची उलटसुलट बाजू दिसत नाही. सवय होईल.

२) प्लास्टिकच्या पिशव्या बंद. हॉटेलच्या चादरी नुसत्याच गाठोड्यात पाठवल्या. गाठोडं हॉटेलच्या दारातच सुटलं. मॅनेजरचा फोन आला. त्याला पर्यावरण समजावलं. त्याने फोन ठेवला. विचार करत असेल.

३) भाषण सुरू केलं. पहिलं वाक्य तयार: माझ्या पाणकोंबडीतर्फे मी आपले आभार मानते. पुढचं सुचेल.

४) कोंबडीला पाव टाकला. खाल्ला नाही. बसून होती. माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. मीही बघितलं.

१५ मार्च, रविवार
धाकट्या भावाला बोलावलं. तो प्लंबर आहे. त्याला सांगितलं, ज्युरी यायच्या आत अख्ख्या लॉन्ड्रीत एक थेंब टपकता कामा नये. नळ, पाईप, टाकी, सगळं बघ.

त्याने टाकीखाली डोकं घातलं आणि शिट्टी मारली. म्हणाला, ताई, इथून तर धार लागलीय, पाईपच सडलाय. मी म्हटलं, मग बदल. शिट्ट्या कसल्या मारतोस?

नवरा इस्त्री आडवी ठेवून बाहेर आला. (कधी येत नाही. इस्त्री आडवी तर कधीच ठेवत नाही. एक उशीचा अभ्रा जळाला.) म्हणाला, अगं, आधी नीट विचार कर, ते पाणीच तर मागे— मी म्हटलं, तीन वर्षं दुरुस्त करा दुरुस्त करा म्हणून माझं डोकं कोण खात होतं? आता करतेय तर अगं? म्हणाला, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. मी म्हटलं, वेगळं काय होतं, तुमचे केस?

तो आत गेला. जाताना ‘हात दाखवून अवलक्षण’ असं काहीतरी पुटपुटला. मोठ्याने बोलायची हिंमत नाही.

भावाने नवा पाईप घातला, सांधा पक्का केला. दुपारपर्यंत भिंतीचा घाम बंद. बघा! म्हणजे भिंतीलाही चांगलं वाटलं.

१७ मार्च, मंगळवार
मोटर एकदाच चालवली. टाकी दिवसभर भरलेली. नवऱ्याने हे मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, आनंद आहे. पण तोंड आनंदाचं नव्हतं त्याचं.

तळं जरा खाली गेलंय. ऊन कडक आहे.

१९ मार्च, गुरुवार
तळं आणखी खाली. कडेचा चिखल उघडा पडला. ऊन.

ऊन तर दरवर्षी असतं, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, यंदा जास्त आहे, पर्यावरण बिघडलंय, म्हणून तर अवॉर्डं द्यायला लागलेत.

२० मार्च, शुक्रवार
कारण सापडलं. गॅरेजवाला. त्याने त्याच्या बाजूला शेडच्या खांबासाठी मोठा खड्डा खणलाय. माझा झरा तिकडे ओढला गेला. गेले त्याच्याकडे. म्हटलं, माझं पाणी चोरलंत. त्याने खड्डा दाखवला. कोरडा ठणठणीत. म्हणाला, वहिनी, यात थेंब तरी दिसतोय का? मी म्हटलं, लपवलं असेल. तो म्हणाला, पाणी? कुठे, ड्रॉवरमध्ये?

त्याची म्हातारी आई दारात बसून लसूण सोलत होती. ती पण हसली. सगळं घर तसलंच.

निश्चय: ज्युरी येईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही.

२१ मार्च, शनिवार
बोलले. त्यानेच आधी हाक मारली. काही नाही, बोका दिसला म्हणाला तळ्याकडे. पिवळा, कानफाट्या. मी झाडू घेऊन धावले. पूर्वी घरट्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं, बोक्याची टाप नव्हती जायची. आता एका बाजूने चिखलाची वाट झालीय.

बादल्या ओतल्या. टाकीतून भरायच्या, मागे ओतायच्या. घडीवाली बाईही आली मदतीला. सकाळी ओतलं की दुपारी जमीन पिऊन टाकते. पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा म्हणाला, टाकीतलं पाणी टाकलं की तळं भरतं, बंद केलं की आटतं, यावरून तुला काही कळतं का? मी म्हटलं, कळतं. तुम्ही बादली उचलायला येत नाही हे कळतं.

आला मग. बारीक माणूस आहे, पण दोन दोन बादल्या नेल्या.

२३ मार्च, सोमवार
उद्या ज्युरी. कंबर धरलीय. कोंबडी बसून आहे. घरटं आता चिखलात, जत्रा उठून गेल्यावर एकच दुकान उरावं तसं. मी पायरीवर बसते झाडू घेऊन. बोका भिंतीवर बसतो. दोघं एकमेकांकडे बघतो. त्याने जांभई दिली. मी नाही दिली.

२४ मार्च, मंगळवार
ज्युरी आली. तिघं जण. एक गळ्यात दुर्बीण घातलेली बाई, एक गमबूट घातलेले साहेब, ते पाणीखात्याचे, आणि एक फोटोवाला. फोटोवाला शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. असे पुरुष दुर्मिळ.

सगळं छान झालं.

आता खरं लिहिते, कारण इथे कोण बघतंय. पहाटेपासून ओतलेलं पाणी दहा वाजेपर्यंत घोट्याएवढं उरलं होतं. दुर्बीणबाईने दुर्बीण लावली आणि लगेच काढली, कारण कोंबडी समोरच होती, बादलीभर अंतरावर. बाई हळू आवाजात म्हणाली, अगं बाई, उबवतेय की. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मग विचारलं, पाणी कुठून येतं इथे? मी म्हटलं, झरा. म्हणाली, कुठे आहे तो? मी म्हटलं, सध्या आत गेलाय. म्हणाली, आत म्हणजे? मी म्हटलं, बाई, माणूस घरात जातो तसा. रोज दारात उभा राहील का?

तेवढ्यात गमबूटवाले साहेब टाकीखाली वाकले. पाईपवर टकटक केली. विचारलं, हा नवीन घातला? माझ्या आधी नवरा बोलला! बावीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणाला, हो साहेब, आधी रात्रंदिवस गळायचं, मोटर दोनदा चालवायचो, आता एकदाच. साहेबांनी वही काढली. खूश झाले. म्हणाले, अहो, हेच तर पाहिजे. लोक पुरस्कार मागतात, पण गळका सांधा दुरुस्त करत नाहीत. माझा हात हातात घेऊन हलवला. हाताला चिखल होता. त्यांनी पुसलाही नाही.

जाताना दुर्बीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, पिल्लं बाहेर येईपर्यंत जपा हो. मी म्हटलं, मला सांगता?

एकंदर इम्प्रेशन जबरदस्त.

२५ मार्च, बुधवार
भाषणाचं दुसरं वाक्य: झरा असो वा नसो, बाईमाणसाने हटायचं नसतं. नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, ‘नसो’ काढून टाक. मुद्दाम ठेवलं.

२८ मार्च, शनिवार
पिल्लं!!!

चार आहेत. पाच असतील, हलतात फार. काळा कापूस, त्याला डोकं लाल. तासाभरात चालायला लागली. आमची लेक सव्वा वर्षाची झाली तेव्हा चालली होती.

लॉन्ड्री दोन तास बंद ठेवली. हॉस्पिटलचा फोन आला, चादरी कुठे? मी म्हटलं, आमच्याकडे डिलिव्हरी झालीय. तिकडची बाई म्हणाली, अभिनंदन, मुलगा की मुलगी?

गॅरेजवाल्याची म्हातारी भिंतीवरून डोकावून गेली. किती आहेत विचारलं. सांगितलं. तिला काय राग धरायचा.

१ एप्रिल, बुधवार
फोन आला. निवड झाली! रविवारी सत्कार, हॉलमध्ये. मी फोन ठेवला, मग आजची तारीख लक्षात आली, परत फोन केला, म्हटलं, बाई, चेष्टा असेल तर घरी येऊन मारीन. ती म्हणाली, नाही हो, खरंच निवड झालीय.

गेले थेट गॅरेजमध्ये. नाकावर टिच्चून सांगितलं. गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, मानलं वहिनी. शब्द म्हणजे शब्द. सिमेंट रद्द. गाडीखालून पायवाला म्हणाला, पार्टी पाहिजे.

जिंकले. तळं वाचलं.

तळ्यात पाणी नाही, पण वाचलं.

३ एप्रिल, शुक्रवार
कोंबडी गेली.

सकाळी दार उघडलं तर घरटं रिकामं. पिल्लं नाहीत. लव्हाळं पिवळं, चिखल फुटलेल्या टाचेसारखा भेगाळलेला. बोका भिंतीवर. त्याला वाटेल ते बोलले. त्याच्या आईबापावरून बोलले. दुकानासमोर लोक जमले. तो उतरून निघून गेला.

पिसं कुठे पडलेली नाहीत. रक्त नाही. लेक म्हणाली, म्हणजे चालत गेली असेल आई, पाण्याच्या शोधात. मी म्हटलं, घर सोडून? सांगून जायला काय झालं होतं?

सगळ्या चादरी आज मीच धुतल्या. डोळ्यात साबण गेला. लिहून ठेवते, नाहीतर लोक भलतंच समजतील.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, तो सांधा जरा ढिला करून दे. म्हणाला, ताई, ढिला कसा करू, आख्खा पाईप नवीन आहे, चिकटवून टाकलाय, कापावाच लागेल. मी म्हटलं, इतकं पक्कं काम करायला तुला कुणी सांगितलं होतं? म्हणाला, तूच. मी म्हटलं, तुझ्या स्वतःच्या घरचा नळ वर्षभर गळतोय, बहिणीच्या घरीच कशी अक्कल फुटली तुला?

मी काही म्हणत नाही की तळं त्या पाईपमुळे होतं. झरा होता. झऱ्याला सोबत लागते, एवढंच.

५ एप्रिल, रविवार. संध्याकाळी
सत्कार.

जायचं नव्हतं. मग म्हटलं, का नाही जायचं? कुणाच्या बापाची चोरी केलीय? हिरवी साडी नेसले. नवऱ्याने स्वतः इस्त्री केली होती, काठ ब्लेडसारखे.

हॉल मोठा. पहिलं बक्षीस टेकडीवर झाडं लावणाऱ्यांना. दुसरं कचऱ्यातून खत करणाऱ्या शाळेला. मी मनात भाषण म्हणत बसले होते, मध्येच लेकीने कोपर मारलं. माझंच नाव. स्टेजवर चढले. गमबूटवाल्या साहेबांनी माइक घेतला (आज साधे बूट), म्हणाले, जुना गळका पाईप स्वखर्चाने बदलून पाण्याचा थेंब न् थेंब वाचवणाऱ्या, लघुउद्योगातल्या आदर्श महिला. जलबचत पुरस्कार.

जलबचत!

मी तिथेच म्हटलं, साहेब, चुकतंय काहीतरी. मी पाणी नाही वाचवलं, मी पक्षी वाचवला. साहेब हसून लोकांना म्हणाले, किती विनम्र आहेत बघा. टाळ्या. मी म्हटलं, विनम्र नाही हो मी, कुणालाही विचारा. आणखी टाळ्या. खालून नवरा मान हलवत होता, म्हणजे खरंच विनम्र नाही असं.

मग माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले. समोर एवढी माणसं. पाठ केलेलं सगळं पुसून गेलं. कोंबडी गेली, एवढंच बोलले आणि खाली आले.

मग फारच टाळ्या पडल्या. का ते कुणास ठाऊक. दुर्बीणबाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती रुमाल शोधत होती.

७ एप्रिल, मंगळवार
पाणीखात्याची माणसं आली. टाकीवर पितळी पाटी ठोकली. ‘आदर्श जलबचत टाकी’. दर महिन्याला येऊन मोटरची नोंद घेणार म्हणाले, बाकीच्या दुकानांना उदाहरण म्हणून दाखवायला. आता पाईप कापला तर अख्ख्या शहरात बोभाटा.

मी विचारलं, पाटी ठेवून तळ्यात रोज वीस बादल्या टाकल्या तर चालेल का? एक म्हणाला, कुठलं तळं?

गॅरेजवाल्याने शब्द पाळला. सिमेंटच्या ट्रकची ऑर्डर रद्द केली. माझ्या अवॉर्डमुळे माझा कोरडा खड्डा कायमचा सुरक्षित आहे.

निश्चय: पर्यावरणाचं नाव काढायचं नाही. कानाला खडा. बंद केलेला दिवा पुन्हा लावला. घडीवाली बाई म्हणाली, अगंबाई, या चादरी निळ्या आहेत होय.

१० एप्रिल, शुक्रवार
सकाळी गॅरेजवाल्याची म्हातारी आली. म्हणाली, चल जरा, दाखवते. हाताला धरून घेऊन गेली.

तो खांबाचा खड्डा. गाड्या धुतलेलं पाणी त्यात साठलंय, गुडघाभर. काठावर जुने टायर. आणि टायरमध्ये बाईसाहेब! शेपटी उडवत! पिल्लं चार. पाचच होती असं नाही, चारच असतील. मला बघून ओळखसुद्धा दाखवली नाही. पिल्लं पाण्यात सोडली आणि पाठ फिरवली.

मी म्हातारीला म्हटलं, हे साबणाचं पाणी आहे. ती म्हणाली, लेकाला सांगून साबण बंद केला तीन दिवसांपूर्वी, नुसत्या पाण्याने धुतात आता. आणि म्हणाली, शेडही बंद. लेकुरवाळीला उठवायचं नसतं.

गॅरेजवाला मागे उभा होता. तोंड लपवत होता, पण आवाजातलं कौतुक लपत नव्हतं. म्हणाला, वहिनी, हळू बोला, पिल्लं घाबरतात. मला! मला सांगतो! वर म्हणाला, रोज तीन गाड्या उगाचच धुतोय, नाहीतर पाणी उतरतं. मी विचारलं, पाव खाते का? म्हणाला, पाव नाही खात, किडे खाते, मी शोधून आणतो. मेकॅनिक गाडीखालून पूर्ण बाहेर आला होता. पहिल्यांदाच चेहरा बघितला त्याचा. त्याच्या हातात गांडुळांचा डबा होता.

मग गॅरेजवाल्याने खिशातून कागद काढला. पुढच्या वर्षीच्या अवॉर्डचा फॉर्म. म्हणाला, वहिनी, यात एक शिफारस लागते. आधी अवॉर्ड मिळालेल्या माणसाची.

आईशप्पथ, तोंडात आलेल्या शिव्या बाहेर पडणारच होत्या. पण एक पिल्लू टायरवर चढायला बघत होतं आणि सारखं घसरत होतं. आम्ही सगळे तेच बघत बसलो. चढलं एकदाचं.

सही केली. खाली एक ओळ माझ्या हाताने घातली: कोंबडी मूळची आमच्याकडची आहे.

गॅरेजवाल्याने वाचलं. म्हणाला, हे खोडा. मी म्हटलं, खोडणार नाही.